संध्याकाळपर्यंत नाक्यावर उभे असलेले



द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला (मत्तय २०:१-१६) आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. त्यावरील प्रवचन बहुधा एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबते: तासभर राबलेल्यालाही मालकाने पूर्ण दिवसाची मजुरी दिली, तसा आपला देव उदार आहे. ते खरेच आहे. परंतु या पाठात मला त्याच दाखल्यातील एका लहानशा तपशिलाकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे.

मालक त्या दिवशी पाच वेळा नाक्यावर जातो. शेवटची फेरी दिवस मावळायला तासभर उरला असतानाची. तेव्हाही तिथे काही माणसे उभी असतात. रिकामे का उभे, असे तो त्यांना विचारतो. ते आळसाची सबब सांगत नाहीत, मजुरी कमी होती असेही म्हणत नाहीत. त्यांचे उत्तर एवढेच की, कोणी बोलावलेच नाही.

स्टेशनजवळच्या मजूर नाक्यावर सकाळी सातला जाऊन पाहा. मुकादम किंवा ठेकेदार येतो, नजर फिरवतो आणि दंड-मनगटे पाहून माणसे उचलतो. तरणेताठे आधी जातात. मग मध्यम वयाचे. उन्हे डोक्यावर आली तरी जे उभे असतात ते कोण असतात, हे सांगायला नको. दाखल्यातील ती शेवटची माणसे अपंग होती असे शुभवर्तमानात कुठेही लिहिलेले नाही, आणि जे लिहिलेले नाही ते लिहिले आहे म्हणून मी सांगणार नाही. पण ज्याने नाका पाहिला आहे त्याला ती माणसे ओळखीची वाटतात.

आता मालकाने काय केले ते पाहा. त्याच्या मनात दया होती आणि कमरेला पैसाही होता. नाक्यावरच प्रत्येकाच्या हातावर एक दिनार ठेवून तो परत जाऊ शकला असता. त्याने तसे केले नाही. त्याने त्यांना आधी मळ्यात पाठवले. कामाचा एकच तास उरला होता, तरी तो तास त्यांना दिला आणि मग मजुरी दिली. रात्री घरी जाताना त्यांच्या कनवटीला जो दिनार होता, तो भिक्षेचा नव्हता.

प्रेषितांच्या कृत्यांतील (३:१-१०) जन्मतः पांगळ्या माणसाची गोष्ट याला जोडून वाचा. त्याला लोक रोज उचलून आणीत आणि मंदिराच्या सुंदर नावाच्या दरवाजापाशी बसवीत. लक्षात घ्या, त्याला उचलून आणणारी माणसे होती, म्हणजे मदतीची वाण नव्हती. पण ती सगळी मदत त्याला भीक मागण्याच्या जागी पोहोचवण्यात खर्च होत होती. देवळात जाणाऱ्या भाविकांनाही ते सोयीचेच होते. जाता जाता धर्म घडत होता. पेत्र आणि योहान तिथे आले तेव्हा पेत्राने त्याला नाणे दिले नाही, हात धरून उठवले, आणि तो माणूस त्यांच्याबरोबर मंदिराच्या आत गेला. इतकी वर्षे तो दारात होता. आपल्याला कोणाचे पांगळे पाय बरे करता येतील असे नाही. पण दारातून आत नेणे हे मात्र आपल्या हातातले आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण याविषयी काय सांगते? पोप जॉन पॉल दुसरे (आता संत) यांनी मानवी श्रमावर 'लाबोरेम एक्सर्सेन्स' हे परिपत्रक लिहिले. कामगारांविषयीच्या 'रेरुम नोव्हारुम' या १८९१ सालच्या परिपत्रकाला नव्वद वर्षे होत होती, म्हणून ते १५ मे १९८१ रोजी प्रसिद्ध व्हायचे होते. १३ मे रोजी संत पेत्राच्या चौकात पोपमहोदयांवर गोळ्या झाडल्या गेल्या. इस्पितळातून परतल्यावर त्यांनी मसुद्यावर अखेरचा हात फिरवला आणि १४ सप्टेंबर १९८१ रोजी पत्र बाहेर पडले. योगायोग असा की, ते वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केले होते. या पत्राचा बाविसावा परिच्छेद संपूर्ण अपंग व्यक्ती आणि काम या विषयावर आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: अपंग माणूस हा पूर्ण माणूस आहे, त्याचे हक्क कोणी दिलेले नाहीत, ते जन्मजात आहेत. जो समाज फक्त धडधाकटांनाच कामात आणि सामूहिक जीवनात जागा देतो, तो सशक्तांनी दुर्बलांविरुद्ध केलेला भेदभावच चालवतो. अपंगांना काम मिळावे, योग्य मोबदला मिळावा, बढतीची संधी मिळावी आणि वाटेतले अडथळे दूर व्हावेत, हे सर्व त्यात आहे. बढतीचा उल्लेख मला विशेष वाटतो. आपण फार तर "बिचाऱ्याला कुठेतरी चिकटवून द्या" इथवर जातो. चिकटवलेल्या माणसाची बढती कोणाच्या डोक्यातही येत नाही.

याच पत्रात कामाच्या दोन बाजू सांगितल्या आहेत. एक, कामातून काय तयार झाले: किती विटा, किती टोपल्या, किती कागद. दुसरी, काम करणारा कोण आहे आणि कामातून त्या माणसाचे काय होते. कामाचे खरे मोल दुसऱ्या बाजूने ठरते, असे पोपमहोदय सांगतात. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला कान्ट शिकवला जाई. वस्तूला किंमत असते, कारण तिच्या जागी दुसरी वस्तू आणता येते. माणसाच्या जागी दुसरे काही आणता येत नाही, म्हणून त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते, असे त्याचे म्हणणे. वर्गात हे सोपे वाटते. पण माणूस कामाला ठेवताना आपण नेमकी किंमतच करत असतो, आणि हात एक असेल तर किंमत अर्धी करतो.

मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९९९ साली आणखी एक गोष्ट मांडली. तत्त्वज्ञांनी नेहमी धडधाकट, स्वतंत्र, कोणावर विसंबून नसलेला माणूस डोळ्यांपुढे ठेवला. प्रत्यक्षात असा माणूस आयुष्याच्या मधल्या काही वर्षांतच सापडतो. पाळण्यात आपण सगळे परावलंबी असतो, म्हातारपणी बहुतेक सगळे पुन्हा होतो, आणि मध्येही एखादा अपघात किंवा आजार पुरेसा असतो. पोप जॉन पॉल यांचेच पाहा. डोंगर चढणारा, बर्फावर स्कीइंग करणारा हा माणूस अखेरच्या वर्षांत कंपवाताने वाकला, चाकांच्या आसनावरून फिरू लागला, बोलणेही कठीण झाले. २ एप्रिल २००५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांनी आपले काम सोडले नाही. बाविसावा परिच्छेद लिहिताना त्यांना हे ठाऊक नव्हते.

इथे ख्रिस्तसभेच्या जुन्या नियमांविषयीही सरळ बोलले पाहिजे. १९१७ सालच्या धर्मनियमावलीप्रमाणे ज्याच्या शारीरिक व्यंगामुळे वेदीवरील सेवा सुरक्षितपणे किंवा शोभेल अशी होणार नाही, त्याला गुरुदीक्षा घेण्यास अडथळा होता. १९८३ च्या नियमावलीत तो अडथळा ठेवलेला नाही. मात्र याच ख्रिस्तसभेत त्याच्या नऊशे वर्षे आधी हर्मान नावाचा मठवासीही होऊन गेला. जन्म १०१३, मृत्यू १०५४. आजच्या जर्मनीतील राइखेनाऊ बेटावरच्या मठात तो लहानपणीच आला. त्याला आधाराशिवाय हलता येत नसे आणि त्याचे बोलणे समजायला कठीण होते. त्याने गणित, खगोलशास्त्र आणि संगीत यांवर लिहिले, ताऱ्यांची उंची मोजण्याच्या यंत्रावर लिहिले, ख्रिस्तजन्मापासून आपल्या काळापर्यंतचा इतिहास लिहिला, विद्यार्थी घडवले. 'साल्वे रेजिना' ही मरियामातेची प्रार्थना त्याचीच, अशी परंपरा आहे. विद्वानांचे त्यावर एकमत नाही. ती त्याची नसली तरी बाकीचे काय कमी आहे! पण मला त्याच्या बुद्धीइतकेच त्या मठाचे कौतुक वाटते. कोणीतरी त्याला उचलून बसवत होते, कोणीतरी त्याचे बोलणे समजून घ्यायला शिकले होते. धन्य हर्मान हा एकट्याचा पराक्रम नव्हता.

कायद्यात या गोष्टीला नाव आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात 'वाजवी सोय' करून देण्याची संकल्पना आहे. माणसाला कामाप्रमाणे वाकवण्याऐवजी, अवाजवी बोजा न पडेल अशा बेताने कामाच्या जागेत, पद्धतीत किंवा साधनांत बदल करायचा. हे काही परदेशी खूळ नाही. निर्गमाचे पुस्तक उघडा (४:१०-१६). मोशे देवाला सांगतो की, आपली जीभ जड आहे, बोलता येत नाही. देव त्याची जीभ बरी करत नाही. तसा चमत्कार त्याला अवघड नव्हता. तो मोशेला कामावरून काढतही नाही. तो बोलण्यासाठी अहरोनाला बरोबर देतो आणि काम मोशेकडेच ठेवतो. वाजवी सोय याहून चांगली समजावून सांगता येईल असे मला वाटत नाही.

कायद्यातील काही तरतुदी आपल्या घरांतून माहीत असायला हव्यात. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मानले होते, आता एकवीस आहेत. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीन टक्क्यांवरून किमान चार टक्के झाले आहे. त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांना, एक टक्का कर्णबधिरांना, एक टक्का हातापायांचे व हालचालींचे अपंगत्व असलेल्यांना (सेरेब्रल पाल्सी, बरे झालेले कुष्ठरोगी, ॲसिड हल्ल्यातील पीडित हेही यात येतात), आणि चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांच्यासाठी. हा चौथा गट बहुतेकांना ठाऊकच नसतो. अपंगत्व किमान चाळीस टक्के असल्याचे प्रमाणपत्र मात्र लागते. खाजगी क्षेत्राला सक्ती नाही. तिथे पाच टक्के अपंग कर्मचारी असावेत यासाठी सरकारने प्रोत्साहन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो.

आणखी एक कलम रेल्वे, महापालिका, एस.टी. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला, सरकारने खास सूट दिलेली सोडून, त्या माणसाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीवर दुसरे काम द्यायचे, तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत अधिक पद निर्माण करून ठेवायचे. अपघातानंतर घाबरून कोणी राजीनाम्यावर सही करू नये. आधी हे कलम, म्हणजे कलम २०, कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

कायदा कागदावर आहे म्हणून तो आपोआप चालत नाही, हेही खरे. मध्य प्रदेशात दृष्टिहीन उमेदवारांना न्यायाधीशांच्या भरतीतून वगळणारा नियम होता. एका उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेतले आणि ३ मार्च २०२५ रोजी तो नियम रद्द केला. आईचे एक पत्र!

आता आकडे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार. त्यांपैकी काम करणारे देशभरात साधारण ३६ टक्के. पुरुषांत ४७ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के. यात मुले आणि वृद्धही मोजलेले आहेत, म्हणून आकडा जपून वाचावा. पण पुरुष आणि स्त्रिया यांच्यातील अंतर कोणत्याही सबबीने झाकता येत नाही. अपंग मुलगा निदान दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. अपंग मुलगी आतल्या खोलीत असते. घरभेटीला गेल्यावर चहा येतो, सगळ्यांची ओळख होते, आणि निघताना कळते की आत आणखी एक जण आहे.

"पण त्यांना कोणते काम जमणार?" हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. एके काळी अंधांसाठी ठरलेली कामे होती: खुर्च्यांची वेताची विणाई, मेणबत्त्या, टेलिफोन ऑपरेटर. नंतर एस.टी.डी.-पी.सी.ओ.चे बूथ आले आणि ते देताना अपंगांना प्राधान्य मिळाले. कित्येक कुटुंबे त्या काचेच्या खोपटावर उभी राहिली. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि बूथ गेले. पण त्याच मोबाईलने दुसरे दार उघडले. पडद्यावरचे अक्षर वाचून दाखवणारी सोय आता साध्या फोनमध्येही असते. संगणकासाठी एन.व्ही.डी.ए. नावाची प्रणाली २००६ साली ऑस्ट्रेलियातील दोन अंध मित्रांनी सुरू केली, ती फुकट मिळते. तिच्या आधाराने अंध माणूस बँकेत, कार्यालयात, हिशेबाच्या कामात सर्वांसारखा बसतो. मुंबईत २००९ साली एक कुरियर सेवा केवळ कर्णबधिर तरुण-तरुणींना घेऊन सुरू झाली. पत्ता वाचायला आणि सही घ्यायला कान लागत नाहीत, हे कोणाला तरी सुचावे लागते, इतकेच.

आपल्यापैकी कित्येकांचे वसई पूर्वेला गाळे आहेत, कोणाची बेकरी आहे, कोणाचे केटरिंग, कोणाच्या वाडीत सोनचाफा आणि मोगरा. तुम्ही माणूस शोधताना 'हेल्पर पाहिजे' म्हणता, आणि हेल्पर म्हणजे जो ओझे उचलेल, टेम्पोत चढेल, फोन घेईल आणि हिशेबही ठेवील असा. एवढे सगळे एका अपंग माणसाला जमेलच असे नाही. त्याऐवजी दिवसभरात तुमच्याकडे कोणकोणती कामे होतात ती एका कागदावर लिहा. खोके घडी करणे. लेबल लावणे. चाफ्याची फुले मोजून पिशवीत भरणे. येणारी-जाणारी नोंद. यंत्रांच्या खडखडाटात बसून तपासणी करणे. त्या आवाजाचा कर्णबधिराला त्रास नाही, फक्त धोक्याच्या भोंग्याबरोबर दिवाही लावा. बौद्धिक अपंगत्व असलेला मुलगा एकच काम रोज त्याच क्रमाने करायला कंटाळत नाही, असे पुष्कळदा दिसते. मात्र सगळेच तसे असतात असेही समजू नका. त्यांच्यातही आळशी आहेत, चिडखोर आहेत, तुमच्या-माझ्यासारखेच. काम न केल्यास बोला. अपंग आहे म्हणून गप्प बसणे हाही त्याला बाहेरच ठेवण्याचा एक प्रकार आहे.

आणि मजुरी. पाचशे रुपये 'खाऊला' देऊन महिनाभर राबवणे याला रोजगार म्हणत नाहीत. तेच काम दुसऱ्याने केले तर जे द्याल ते द्या.

पालकांची भीती वेगळी असते. एक तर लोक काय म्हणतील: असल्या पोरालाही कमवायला लावले! दुसरी भीती जास्त खरी आहे. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान उत्पन्नाच्या मर्यादेशी बांधलेले आहे. नोकरी लागली की ते बंद, आणि नोकरी सुटली तर दोन्ही गेले. या भीतीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. शांतपणे बसून हिशेब करावा, आणि मालकानेही दोन महिन्यांत माणूस परत पाठवायचा असेल तर मुळात बोलावू नये. तिसरी भीती म्हणजे "आमच्या माघारी काय?" स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यान्वये अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो, त्यासाठीची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. ज्याला वीस वर्षे घराबाहेरची चार माणसे रोज भेटत आली आहेत, त्याच्यासाठी असा पालक शोधणे सोपे जाते. जो आतल्या खोलीतच राहिला, त्याला ओळखणारेच कोणी नसते. काम पगारापेक्षा मोठे का, हे इथे कळते.

नावाविषयी थोडेसे. आपण आधी पांगळा-आंधळा म्हणत होतो, मग अपंग, मग विकलांग, आता सरकार दिव्यांग म्हणते. आदराचा शब्द वापरावा, जरूर वापरावा. पण नावे बदलण्यात आपण जेवढे चपळ आहोत तेवढे चर्चच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधण्यात नाही. सर्वांत बरे म्हणजे माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी. आंधळ्या भिकाऱ्याचे बार्तीमय हे नाव मार्कने (१०:४६-५२) जपून ठेवले आहे. येशूने त्याला काय हवे ते परस्पर ठरवले नाही, त्यालाच विचारले.

तसेच आपणही विचारायचे आहे. येत्या आठवड्यापासून पॅरिश ऑफिसमध्ये दोन वह्या ठेवत आहोत. एका वहीत काम हवे असलेल्यांनी, किंवा त्यांच्या वतीने घरच्यांनी, नाव, वय, शिक्षण, काय येते आणि काय करायला आवडेल ते लिहावे. अपंगत्वाचा प्रकार शेवटच्या रकान्यात आहे. दुसऱ्या वहीत ज्यांच्याकडे काम आहे त्यांनी पदाचे नाव न लिहिता प्रत्यक्ष काम काय ते लिहावे. पहिली वही लवकर भरेल, दुसरीसाठी मी स्वतः काही जणांच्या दुकानात येणार आहे, तेव्हा मला पाहून मागच्या दाराने निघून जाऊ नये. चर्चच्या ऑफिसातील, बागेतील आणि मेणबत्त्यांच्या स्टॉलवरील कामांची यादी त्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही आधीच लिहिली आहे.

ज्यांचे युडीआयडी कार्ड (स्वावलंबन कार्ड) अजून निघालेले नाही, त्यांनी आधार कार्ड, फोटो आणि जुने वैद्यकीय कागद घेऊन रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर यावे. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद ऑनलाइन अर्ज भरून देतील. जिना चढणे कठीण असेल तर खालच्या हॉलमध्ये थांबावे, ते खाली येतील. या महिन्याच्या समूह बैठकीत निर्गम ४:१०-१६ वाचावा, आणि आपल्या गल्लीत कोण आतल्या खोलीत आहे हे बैठकीतच, त्यांच्या घरच्यांना न दुखावता, एकमेकांना विचारावे.